देखाव्यातली गोळी

१४ जुलै, रविवार

मंडळाची पोरं येऊन गेली. विश्वजित, जो यंदा अध्यक्ष झालाय, आणि आणखी दोघे. सौरभच्या फोटोला हात जोडून सोफ्याच्या कडेवर टेकले. विश्वजित म्हणाला, "काका, यंदाचा देखावा आपल्या सौरभवर. हलता देखावा. लाइट, साउंड, सगळं. करंजाड्यात असा झाला नसेल."

मी हो म्हणालो. नाही म्हणण्यासारखं काय होतं? माझा मुलगा मार्चमध्ये सीमेवर गेला. गावी, खटाव तालुक्यात, त्याला सलामी देऊन अग्नी दिला. युनिटच्या पत्रात एकच वाक्य आहे: मोहिमेदरम्यान गोळी लागून कर्तव्य बजावताना वीरमरण. मी ते वाचलं आणि घडी घालून देवाच्या फळीवर ठेवलं. त्यात काही विचारायचं राहिलंय असं तेव्हा वाटलं नाही.

शालननं चहा दिला, पण कपबशा न्यायला बाहेर आली नाही. पोरं गेल्यावर म्हणाली, "मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर?"

"न्हाई म्हणाले असते."

कारण सांगितलं नाही. हल्ली ती अर्ध्यावरच थांबते.

ही वही जाईनं आणून दिली. म्हणाली, "बाबा, बोलत नाही तर लिहा तरी." माझी मुलगी अजून कॉलेजात आहे आणि घरात सगळ्यात शहाणी आहे.


२१ जुलै, रविवार

पेणहून स्वानंद नावाचा मूर्तिकार आला. मुलगा गुणी आहे. सौरभचे सगळे फोटो पाहिले. चालताना वाकायचा का, मान कशी धरायचा, असलं बारीकसारीक विचारलं. जाई उत्साहानं सांगत होती. त्याच्याविषयी कोणी इतकं विचारलंच नव्हतं कधी.

मग स्वानंद म्हणाला, "आता शेवटचा प्रसंग. आवाज झाला की हात छातीवर येणार, गुडघ्यावर बसणार. लाइट जाणार. लाइट आली की परत उभा. मोटर तशी बसवतोय. छातीतच लागली ना काका?"

"छातीत," मी म्हणालो.

"पाठीत," शालन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे पाहायला लागलो. ती पदराला हात पुसत होती.

आमच्याकडे बिनलग्नाचं पोर गेलं तर नेण्याआधी त्याला हळद लावतात. पेटी घरात आणली तेव्हा बरोबरच्या साहेबांनी बजावलं होतं, चेहरा पाहा, बाकी उघडू नका. बायकांनी ऐकलं नाही. आम्ही पुरुष अंगणात होतो. शालननं गणवेशाच्या आत हात घालून त्याच्या अंगाला हळद लावली. हे मला ठाऊक होतं. तिच्या हाताला काय लागलं ते ठाऊक नव्हतं.

"उजव्या खांद्याखाली. मागं बारीक, पुढं मोठं. दोन्हीकडं शिवलेलं," ती म्हणाली. "मी नीट बघितलंय."

स्वानंदनं आपलाच हात पाठीमागे नेऊन पाहिला. मग आपल्या कामाचं विचारलं, "मग हात छातीवर कसा आणायचा?"

तो गेल्यावर मी शालनला म्हणालो, इतके दिवस सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?"


२२ जुलै, सोमवार

सुभेदार जयप्रकाश आमच्याच इमारतीत राहतात. निवृत्त आहेत, मंडळाचे सल्लागार आहेत, बोलतात कमी. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि सरळ विचारलं.

ते म्हणाले, "बारीक भोक मागं म्हणजे शिरली मागून."

"म्हणजे काय?"

"दोनच गोष्टी. एक तर त्याची पाठ शत्रूकडं होती."

"नाही तर?"

"नाही तर मागं आपलेच होते."

त्यांच्या सूनबाईंनी पाणी आणून ठेवलं. त्या आत जाईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "होतं बाजीराव. अंधार असतो, धुकं असतं, एका तुकडीचा निरोप दुसरीला पोचत नाही. मी माझ्या नोकरीत पाहिलंय. घरच्यांना वेगळं सांगत नाहीत. मोहिमेत गेला, एवढंच. मान सगळा तोच मिळतो. तिरंगा तोच, सलामी तीच."

"मग सांगायला काय हरकत आहे?"

"सांगून कोणाचं भलं होतंय?"

"माझं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं? बघा बुवा."

मला राग आला. त्यांचा नव्हे. माझा मुलगा पाठ दाखवणाऱ्यातला नव्हता. तेव्हा दुसरीच गोष्ट खरी असणार. फक्त ते कोणीतरी सांगायला हवं. ज्याला अधिकार आहे अशा कोणीतरी.


२८ जुलै, रविवार

स्वानंद कुठं बोलला, की मंडळाच्या पोरांपैकी कोणी, कळत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सी विंगच्या निशांतनं टाकलं होतं: "पाठीत गोळी लागली तरी वीरच म्हणतात का? जनरल नॉलेजसाठी विचारतोय." थोड्या वेळानं काढून टाकलं, पण जाईनं वाचलं होतं. ती रडली नाही. फोन उलटा ठेवून दिला.

विश्वजितला बोलावलं. त्याला निशांतचं काही वाटलं नाही. "काका, तो येडा आहे, त्याचं टेन्शन घेऊ नका. आपण देखाव्यात पुढून दाखवू. पब्लिक काय पोस्टमॉर्टेम करायला येतंय?"

मी म्हणालो, "पुढून लागलीच नाही तर पुढून कशी दाखवशील?"

"मग मागून दाखवू? लोक काय म्हणतील?"

मी त्याला दारापर्यंत सोडून आलो. त्याच्या जागी मी असतो तर मीही पुढूनच दाखवली असती.


२ ऑगस्ट, शुक्रवार

कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेऊन फोन करत बसलो. सैनिक कल्याणच्या कार्यालयातल्या बाईंनी रेकॉर्ड ऑफिसचा नंबर दिला. तिथून युनिटचा मिळाला. युनिटमधून सांगितलं, साहेब बाहेर आहेत. तिसऱ्यांदा साहेब मिळाले. तरुण आवाज, फार आदरानं बोलत होते. त्या आदरानंच मला जास्त त्रास झाला.

मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, गोळी कोणाची होती.

"सर, कोर्ट ऑफ इन्क्वायरी चल रही है."

"खतम कब होगी?"

"हो जाएगी, सर. उसकी रिपोर्ट परिवार को देने का प्रावधान नहीं है."

"मुझे रिपोर्ट नहीं चाहिए. एक बात चाहिए. वो भाग रहा था क्या?"

पलीकडे कोणीतरी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आपका बेटा बहुत बहादुर था, सर. हम सबको गर्व है. और क्या चाहिए आपको?"

काय हवं ते सांगितलं होतं की. पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा गर्व असल्याचं सांगितलं. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ गॅलरीत उभा होतो. खाली मंडपाचे बांबू येऊन पडले होते.


७ ऑगस्ट, बुधवार

जासईच्या यार्डात माझं काम म्हणजे येणारा-जाणारा कंटेनर चारही बाजूंनी पाहायचा आणि कुठं पिचला, फाटला, गंजला ते नोंदवायचं. आज क्रेननं उचलताना एकाचा कोपरा माझ्या डोळ्यांदेखत दबला. मी नोंद केली: "उजवा मागचा कोपरा दबलेला आढळला." कोणी दबवला ते लिहिलं नाही. तसं लिहायची पद्धत नाही. क्रेनवाल्याला दोन लेकरं आहेत.

जेवताना हे आठवलं आणि डबा गोड लागला नाही. पण कंटेनर आणि माणूस यात फरक आहे. साहेबांना तो कळायला हवा.


१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा.

वर्षभर आमच्या घरी सण नाही. जाईनं तरी राखी आणली होती. फोटोच्या चौकटीला बांधायला गेली, गाठ बसेना. मग तिनं ती फोटोमागच्या खिळ्याला अडकवली. मी पूजा आटोपून उठलो तर शालन गॅलरीत फोनवर बोलत होती.

शिवाशी. सौरभबरोबर युनिटमध्ये होता. परभणीकडचा. अंत्यविधीला तोच पेटीबरोबर आला होता आणि सगळा वेळ मान खाली घालून उभा होता. तेव्हापासून दर आठवड्याला फोन करतो, तोही शालनलाच. मी घेतला तर "काका, बरे हाव ना" एवढंच, आणि नेटवर्क जातं.

"एवढं काय बोलता?" मी विचारलं.

"जेवला का विचारते. झोप लागती का विचारते."

"सौरभचं काही सांगतो?"

"मी विचारत न्हाई."

मी कपाळाला हात लावला. अख्ख्या सैन्यात एक माणूस असा आहे की जो तिथं होता आणि आमच्याशी बोलतो. आणि ही त्याला जेवणाचं विचारते.


२४ ऑगस्ट, शनिवार

फोननं काही होईना म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता, त्याला उत्तर आलं. राष्ट्राच्या सुरक्षेशी संबंधित माहिती असल्यामुळे देता येत नाही. खाली सही, शिक्का. सौरभचं नाव बरोबर लिहिलंय, माझंही. एवढं बरोबर लिहिता येतं त्यांना.

माझा मुलगा पळाला नाही, ही माहिती राष्ट्राच्या सुरक्षेशी कशी संबंधित आहे? देवापुढे बसलो, नाम घ्यायला लागलो, आणि हाच प्रश्न माळेच्या प्रत्येक मण्याबरोबर येत राहिला. माळ ठेवून दिली. असं माझ्याकडून कधी होत नाही.


३१ ऑगस्ट, शनिवार

शिवा आला. सुट्टीवर निघालाय, गावी जायच्या आधी इकडं. शालननं बोलावलं होतं, मला माहीत नव्हतं. केवढा वाळलाय. आत आल्यावर फोटोकडे न पाहता सरळ स्वयंपाकघरात गेला आणि शालनच्या पायाशी बसला. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

मीही जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो असा दचकला की मी हात काढून घेतला. जवळचा मित्र गेला म्हणजे दुःख असणारच.

जेवायला बसला आणि भाकरी नुसती कुस्करत राहिला. जाईनं विचारलं, दादा, सौरभ तिथं भाकरी करायचा का हो? तेव्हा पहिल्यांदा हसला. "करायचा. पन कशाची भाकर, नकाशाच असायचा त्यो. आमी म्हनायचो, कोनता देस हाय बाबा ह्यो?"

मंडळाचं सांगितलं तर हसू गेलं. "देखावा कशाला करायलेत," एवढंच म्हणाला.


२ सप्टेंबर, सोमवार

श्रावणातला शेवटचा सोमवार. शिवाला घेऊन शंकराच्या देवळात गेलो. तो आत आला नाही, पायरीवर बसला. मी बेल वाहून आलो आणि त्याच्याजवळ टेकलो. आज विचारायचंच असं ठरवून निघालो होतो.

मी म्हणालो, "शिवा, लोक म्हणतात माझा मुलगा पळत होता."

त्यानं मान वर केली. "कोन म्हनतंय?"

"म्हणतात. पाठीत गोळी लागली म्हणून."

मग त्यानं सांगितलं. मला सगळं त्याच्या शब्दांत आठवत नाही, पण जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

पहाट होती, धुकं होतं. दोन तुकड्या निघाल्या होत्या. शिवा वरच्या वाटेनं जाणाऱ्या तुकडीत होता, सौरभ खालच्या. खालच्यांनी ओढ्याच्या अलीकडे थांबायचं ठरलं होतं. नंतर त्यांना पुढं जायचा हुकूम आला, तो वरच्यांना कळलाच नाही. वरच्यांना इतकंच सांगितलं होतं, ओढ्यापलीकडं आपलं कोणी नाही. सौरभ त्याच्या तुकडीत सगळ्यांच्या पुढं. ओढा ओलांडून समोरचा चढ चढायला लागला होता.

"पाठ आमच्याकडं होती," शिवा म्हणाला. "धुक्यात नुसती आकृती दिसायली. हुकूम होता, काका. एकच गोळी गेली. मग खालून कोनीतरी वरडलं, आपला हाय, आपला हाय."

लोक बेल, दूध घेऊन आमच्या अंगावरून वर चढत होते. कोणीतरी म्हणालं, पायरीवर काय बसलाय, वाट सोडा.

मी विचारलं, "म्हणजे तो पळत नव्हता."

"पळत? काका, त्यो सगळ्याच्या पुढं होता. पुढं होता म्हनूनच..." आणि तो पायरीवर पडलेली बेलाची पानं गोळा करायला लागला.

मला काय वाटलं ते खरं लिहितो. सुटल्यासारखं वाटलं. मी उठलो, पुन्हा आत गेलो आणि देवाला दंडवत घातला. नशीब आमचं, की शिवा वरच्या तुकडीत होता आणि त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलंय. बाहेर येऊन त्याला म्हणालो, "हे एवढंच मंडळासमोर सांग. नाही तर लिहून दे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "आनखी काई नाई विचारायचं तुमाला?"

"आणखी काय विचारायचं? तो पळाला नाही, बस."

गोळी कोणी झाडली ते त्यानं सांगितलं नाही आणि मला त्याचा उपयोगही नव्हता.


४ सप्टेंबर, बुधवार

विश्वजितला सांगितलं. सुभेदारही होते. विश्वजितनं दोन्ही हात डोक्यावर नेले. "काका, आपल्याच माणसाची गोळी, हे लाउडस्पीकरवर सांगायचं? नगरसेवक उद्घाटनाला येतायत. परवानगी जाईल. लोक मलाच देशद्रोही म्हणतील."

"मग देखावा करू नकोस."

"बॅनर छापून झालेत. मूर्ती रंगवून झाल्यात."

"माझ्या मुलाचं नाव काढ."

तासाभरानं त्याचा निरोप आला. नाव काढतो. 'एक वीर जवान' लिहितो. चेहरा आता बदलता येत नाही.

म्हणजे खरं सांगायचं म्हटलं तर माझ्या मुलाचं नावच गेलं, आणि खोट्यात त्याचा चेहरा राहिला. मी हे कोणाकडे घेऊन जाऊ? सुभेदार जाताना म्हणाले, "त्या पोराला जपा, बाजीराव." सगळ्यांना त्या पोराची काळजी. माझ्या पोराची कोणाला?

शिवाच्या मागे लागलोय, लिहून दे म्हणून. कागद पुढं केला की तो पेन घेतो आणि तसाच बसतो. संध्याकाळी शालननं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि त्याला लसूण सोलायला बसवलं.


८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आमच्या घरी नाहीत. आज संध्याकाळी देखावा सुरू झाला. मी जायचं नाही असं ठरवलं होतं, पण घरात आवाज येत होता. भारदस्त आवाजात कोणीतरी सांगत होतं, शत्रूच्या भ्याड गोळीनं या वाघाचा वेध घेतला. मग धाड. मग शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून.

शिवा कधी खाली गेला कळलं नाही. मी त्याला शोधायला गेलो आणि मला ते पाहावं लागलं. स्वानंदनं काम चांगलं केलंय. मान अगदी तशीच. आवाज झाला की हात छातीवर येतो, गुडघा टेकतो. लाइट जाते. लोक टाळ्या वाजवतात. लाइट येते आणि सौरभ पुन्हा उभा. त्याला पडू तरी द्या, असं माझ्या मनात आलं. पुढच्या रांगेतला निशांत मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

शिवा स्टेजच्या बाजूला, गाडी हलवा वगैरे सांगायला ठेवलेल्या माइकजवळ होता. विश्वजितच्या कानात काही बोलला. विश्वजित खूश. "भक्तहो, सीमेवर लढणारे एक जवान आज आपल्यात आहेत, ते दोन शब्द बोलतील." पुन्हा टाळ्या.

शिवानं माइक हातात घेतला. तोंडाच्या इतका जवळ धरला होता की स्पीकरमधून खरखर येत होती. "ह्ये खरं नाई," तो म्हणाला. "ह्याचं नाव सौरभ हाय. ह्यो सगळ्यांच्या पुढं होता. ह्याला जी गोळी लागली ती..."

माझे कान तापले. इतके दिवस ज्या एका वाक्यासाठी मी दारं ठोठावत होतो, ते चारचौघांत, स्पीकरवर येत होतं.

आणि शालन बायकांच्या रांगेतून आली. ती खाली आलीये हेही मला माहीत नव्हतं. तिनं त्याच्या हातातून माइक घेतला. "पोरगं दमलंय. लांबून आलंय," ती म्हणाली. "आरती सुरू करा." आणि त्याच्या दंडाला धरून त्याला घरी घेऊन गेली.


९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी शिवा अंघोळीला गेला तेव्हा मी शालनला विचारलं, का केलंस. मी आवाज चढवला. आमच्या संसारात मी फार वेळा चढवलेला नाही.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्याची आई हाय परभणीला. तिला येवढा एकच हाय."

"मग? खरं सांगण्याचा आणि त्याच्या आईचा काय संबंध?"

"त्याची नोकरी हाय. त्याचा जीव हाय. त्याला आधीच झोप न्हाई."

"माझ्या मुलाचं नाव गेलं, शालन. एका वाक्यानं परत आलं असतं. लोकांची शंका गेली असती."

तिनं ताट बाजूला ठेवलं. "लोकांची? मला एक दिवस शंका आली न्हाई. जाईला आली न्हाई. तो निशांत तर येडाच हाय. खात्री तुम्हाला पायजे होती. ती तर देवळाच्या पायरीवर मिळाली. आता आणखी त्या पोराकडनं काय काढून घेताय?"

हे खोटं आहे असं मी तिला सांगितलं. आता लिहायला बसलोय तर पुन्हा तेच लिहावंसं वाटतं, पण लिहवत नाही. त्या साहेबांना फोनवर मी काय विचारलं होतं? वो भाग रहा था क्या. तो प्रश्न लोकांनी विचारायला सांगितला नव्हता.


१० सप्टेंबर, मंगळवार

शिवाला पनवेलच्या एसटी स्टँडवर सोडलं. परभणीच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसलो. शालननं त्याला पोळ्या, चटणी बांधून दिली होती, ती पिशवी तो मांडीवर दोन्ही हातांनी धरून होता.

तो म्हणाला, "काका, चौकशीत मी समदं खरं सांगितलंय. एक अक्षर लपवलं नाई. पन तुमाला सांगायला नको म्हनले. घरच्याशी बोलायचं नाई म्हनले."

"हं."

"शालनमावशीला मी पयल्याच महिन्यात सांगितलं. तिच्याशी खोटं बोलवंना."

मी त्याच्याकडे पाहिलं. तिला काय सांगितलं ते मला विचारावं लागलं नाही. मग समोर लागलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचत बसलो. कुठं कुठं जातात गाड्या.

गाडी लागली. तो पाया पडला आणि उठेचना. कंडक्टर म्हणाला, "चला राव, घरी जाताय का देवाला?" मी त्याला खांद्याला धरून उठवलं. या वेळी तो दचकला नाही.

घरी यायला उशीर झाला. वाटेत गाढी नदीच्या पुलाजवळ स्कूटर बाजूला घेऊन थांबलो होतो. शालननं जेवण झाकून ठेवलं होतं.


१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं. आज सुट्टी होती. सकाळी खाली गेलो तर देखावा उतरवत होते. टेम्पोत मूर्ती आडव्या घालत होते. विश्वजित, स्वानंद, सुभेदार, सी विंगचा निशांतही हातभार लावायला आला होता.

मी म्हणालो, "जरा थांबा. सांगायचंय."

मी कधी असा बोलत नाही, म्हणून असेल, थांबले.

"माझ्या मुलाला गोळी पाठीत लागली. ती आपल्याच माणसांची होती. धुकं होतं, एका तुकडीचा निरोप दुसरीला मिळाला नाही. तो सगळ्यांच्या पुढं होता. म्हणून पाठीत लागली."

टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं. निशांत खाली बघत होता. विश्वजितच म्हणाला, हळू आवाजात, "काका, सैन्यानं कळवलं?"

"नाही."

"मग सांगितलं कोणी? त्या दिवशी तो जवान..."

"मी सांगतोय. त्याचा बाप सांगतोय. कोणाला शंका असली तर मला विचारा."

स्वानंदनं मूर्तीवर चादर टाकली. सुभेदार माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आले. पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "झाडली कोणी, ते कळलं?"

"नाही," मी म्हणालो.

ते आणखी दोन पायऱ्या चढले. मग म्हणाले, "बरं झालं."

आता ते 'नाही' समोर लिहिलेलं दिसतंय तर वाटतं, मी त्यांच्याशी खोटं बोललो का? नाही. तसं मला कोणी सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही, आणि विचारणार नाही.